साडूपेक्षा एक पायरी वर

नळाला दिवसाआड पाणी, तेही करंगळीएवढ्या धारेचं, अशा सोलापुरात आपल्या जागेत पूर येतो हे सिद्ध करायला निघालेला माणूस एकच झाला. त्यांचं नाव चनबसप्पा. साल त्र्याहत्तर. बायाबापड्या कळशा घेऊन टँकरमागं धावत होत्या, विहिरींचे तळ दिसत होते, आणि एका गिरणीच्या कचेरीतले हेडक्लार्क चनबसप्पा भेटेल त्याला अडवून विचारत होते, हत्ती ओढ्याला पूर आलेला तुमी कदी बगितला का? लोकांना वाटायचं, उन्हाचा त्रास असेल. त्रास होता हे खरं, पण तो उन्हाचा नव्हता, साडूचा होता.

भावाभावांचं एक बरं असतं. वाटणीवरून एकदा कडकडून भांडण होतं, कोर्टकचेरी होते, मग पुढच्या पिढीत लग्नाला बोलावणीही जातात. साडूंच्या नशिबी तेवढंही सुख नाही. त्यांच्यात वाटायला काही नसतं, त्यामुळं भांडायला कारण मिळत नाही, आणि एकाच सासूचे जावई म्हणून जन्मभर दोघांना एकाच तराजूत बसावं लागतं. चनबसप्पांचं पारडं बारा वर्षं वरच होतं, म्हणजे हलकं.

थोरले साडू गुरुबसप्पा यांचं भवानी पेठेत सुताचं दुकान. अंगानं भरलेले, आवाजानं मोठे, मनानं मोकळे. सासूला तीर्थयात्रा करवली ती त्यांनी, पहिली स्कूटर आणली ती त्यांनी, आणि त्या स्कूटरवरून चनबसप्पांना कचेरीत सोडायचे तेही तेच. गुरुबसप्पांत दोष म्हणून काढायला काही नव्हतं, आणि हीच चनबसप्पांची मुख्य तक्रार होती. माणूस निदान कंजूष तरी असावा, म्हणजे रात्री बायकोजवळ बोलायला विषय मिळतो.

सासूबाई चंद्रव्वांना मुलगा नव्हता. थोरली अक्कम्मा, धाकटी गिरिजाबाई, या दोघीच. चंद्रव्वा भवानी पेठेत भाड्याच्या खोलीत एकट्या राहत. घरमालकाला खोली हवी होती, तेव्हा आता एका लेकीकडं जायचं हे नक्की झालं होतं. कोणत्या, ते नक्की नव्हतं. त्यांनी सर्वांसमक्ष सांगून टाकलं होतं, "दोनी घरं हुबी राहू द्यात. मग मी कुटं राहायचं ते बगीन."

हे ऐकल्यापासून चनबसप्पांची झोप उडाली. सासू ज्याच्या घरी जाईल तो चांगला जावई, हे साऱ्या नात्यागोत्यात लग्नपत्रिकेसारखं जाहीर होणार होतं. बारा वर्षांत चंद्रव्वांनी चनबसप्पांबद्दल एकदाच चांगलं बोललेलं त्यांना आठवत होतं, आणि तेही 'निर्व्यसनी हाय' एवढंच. त्यांना सासू आपल्या घरी हवी होती, आणि चार माणसांत तिच्या तोंडून आपलं कौतुक ऐकायचं होतं. त्यासाठी ते काहीही करायला तयार होते, आणि पुढं त्यांनी तेच केलं.

घरं उभी राहायची होती गावाबाहेरच्या नव्या सोसायटीत, हत्ती ओढ्याच्या काठी. या ओढ्यात हत्ती कुणी पाहिला नव्हता आणि अलीकडं पाणीही कुणी पाहिलं नव्हतं. चिठ्ठ्या टाकून प्लॉट वाटले तेव्हा दोन्ही साडूंना शेजारशेजारचे आले. त्यातला ओढ्याकडचा, उताराचा, खोलगट प्लॉट गुरुबसप्पांच्या वाट्याला गेला. चनबसप्पांनी त्या दिवशी घरी पेढे नेले. गिरिजाबाईंनी विचारलं, कशाचे? ते म्हणाले, आपल्याला उंचावरची जागा मिळाली. साडूला खड्ड्यातली मिळाली, हे त्यांनी सांगितलं नाही, पण दुसरा पेढा त्यांनी त्याच आनंदात खाल्ला.

आणि मग सरकारी नकाशा आला. नकाशावर ओढ्याला समांतर एक तांबडी रेघ होती. रेघेच्या आत पुराचा धोका. आतल्या घरांचं जोतं पुराच्या खुणेहून तीन फूट वर पाहिजे, नाहीतर बांधकामाला परवानगी नाही. रेघेच्या बाहेरच्या घरांनी सोसायटीच्या ठरलेल्या नमुन्याप्रमाणं बुटकं जोतं घ्यायचं. त्याहून उंच करायचं तर सबळ कारण दाखवायचं. तांबडी रेघ दोन साडूंच्या मधोमध गेली होती. गुरुबसप्पांच्या खोलगट जागेत घराला आठ पायऱ्या आल्या, चनबसप्पांच्या घराला दोन.

हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. पण चनबसप्पांच्या नात्यागोत्यात घराचा मान पायऱ्यांवर मोजतात. सोयरीक जुळवायला गेलेला माणूस परत आला की म्हातारी पहिला प्रश्न करते, किती पायऱ्यांचं घर? तीन म्हटलं तर ती सुपारी कातरत राहते, सात म्हटलं तर अडकित्ता खाली ठेवते. चनबसप्पांचं स्वतःचं लग्न चार पायऱ्यांवर जमलं होतं, आणि गुरुबसप्पांचं सहावर. आता सरकारनं कायदा करून तो फरक वाढवून ठेवला होता. खड्ड्यातली जागा घेऊन माणूस आठ पायऱ्या चढतो आणि उंचावरची घेऊन दोन, हा कुठला न्याय, असं ते गिरिजाबाईंना विचारत राहिले. गिरिजाबाई दर वेळी म्हणायच्या की दोन पायऱ्या झाडायला सोप्या. बायकोला बांधकामातलं कळत नाही, असं म्हणून चनबसप्पा कूस बदलायचे.

सल्ला द्यायला मडिवाळप्पा होतेच. कोर्टात शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले हे शेजारी आता गल्लीचे फुकट वकील होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि डोळे मिटून सांगितलं की घर उंच करता येत नाही ना, मग रेघच आपल्या अंगावर ओढून घ्यायची. माझ्या जागेतही पूर येतो, मलाही आत घ्या, असा अर्ज करायचा. पुरावा जोडायचा. मडिवाळप्पांनी कायद्याची तीन कलमं तोंडपाठ म्हणून दाखवली. त्यांतलं एक भाडेकरूंचं होतं, एक गुरांच्या कोंडवाड्याचं, पण चनबसप्पांच्या अंगात बळ आलं.

सात रस्त्याजवळच्या सरकारी कचेरीत ओव्हरसियरनी अर्ज दोनदा वाचला आणि चष्मा काढून ते अर्जदाराकडं बघत राहिले.

"लोक इथं रेषेतून बाहेर काढा म्हणून येतात. तुम्ही आत घ्या म्हणताय?"

"आत घ्या. धोका सगळ्यांना सारखा पाहिजे की," चनबसप्पा म्हणाले.

बाहेर काढण्यासाठी छापील नमुना होता, आत घेण्यासाठी नव्हता. कारकुनानं तो अर्ज एकदा आवकमध्ये चढवला, एकदा जावकमध्ये, आणि शेवटी 'किरकोळ' म्हणून ठेवून दिला. आपल्या आयुष्याचा प्रश्न किरकोळमध्ये पडलेला पाहून चनबसप्पांना फार लागलं. त्यांनी गिरणीतून हाफ डे रजा काढून काढून खेपा घातल्या. अखेर ओव्हरसियर कंटाळले आणि म्हणाले, पूर पाहिलेला साक्षीदार आणा, मी जागेवर येऊन खूण बघतो.

साक्षीदार कुठून आणायचा? ओढ्यात पोरं क्रिकेट खेळत होती. जुन्या लोकांना विचारलं तर ते पुराऐवजी दुष्काळाच्या आठवणी काढून बसत. त्यातून चनबसप्पांना एकच माणूस सापडला, सांगोल्याकडचा सिद्धाप्पा. तिकडं चारा नाही म्हणून तो मेंढरं घेऊन आला होता आणि ओढ्याच्या कोरड्या पात्रातच त्यानं मुक्काम टाकला होता. चनबसप्पांनी त्याला चहा पाजला, भजी खाऊ घातली आणि पुराचं विचारलं. सांगोल्याच्या माणसाला पाण्यावर बोलायला मिळणं म्हणजे सणच. सिद्धाप्पा रंगून गेला. त्याचा चुलता या वाटेनं मेंढरं न्यायचा, तेव्हा असं पाणी आलं होतं, की मेंढरं राहिली बाजूला आणि चुलताच बाभळीवर बसून राहिला.

ओव्हरसियर आले त्या दिवशी चनबसप्पांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. मडिवाळप्पा कायद्याच्या बाजूनं हजर होते. गुरुबसप्पाही आपलं काम सोडून आले आणि सर्वांसाठी उसाचा रस घेऊन आले, त्यामुळं चनबसप्पांना तो घशाखाली उतरेना. सिद्धाप्पाला ओढ्याकाठच्या त्याच बाभळीपाशी उभं केलं. पाणी कुठवर आलं होतं, काठी लावून दाखव, असं साहेबांनी सांगितलं.

सिद्धाप्पानं बुंध्याला काठी लावली आणि चनबसप्पांच्या तोंडाकडं पाहिलं. खाल्ल्या भज्यांना जागणारा माणूस तो, तोंड जरा पडलेलं दिसताच काठी वर सरकली. तिथंही तोंड खुललं नाही, तेव्हा आणखी वर. शेवटी तो फांदीवर चढून बसला.

"हितंवर पानी हुतं बगा, सायेब. लई पानी," तो वरून म्हणाला.

"एवढं पाणी आलं असतं तर सात रस्ता बुडाला असता," साहेब म्हणाले.

"बुडला आसंल की. आमी न्हाय तितं जात."

साहेबांनी फांदी सोडून दिली आणि काठीची पहिली खूण धरली. ती खूण नेमकी चनबसप्पांच्या जमिनीच्या पातळीला येत होती. महिन्याभरात तांबडी रेघ सरकली आणि चनबसप्पांचा प्लॉट रीतसर पुरात गेला. त्यांनी पुन्हा पेढे आणले. गिरिजाबाई म्हणाल्या की आपली जागा बुडणारी ठरली म्हणून पेढे वाटणारं हे पहिलंच घर असेल.

आनंद आठवडाभर टिकला. नवी खूण दोघांनाही लागू होती. जोती एका पातळीत यायला पाहिजेत, आणि साडूची जमीन खाली. म्हणजे चनबसप्पांना आल्या सहा पायऱ्या, आणि गुरुबसप्पांना आपलं बांधून झालेलं जोतं वाढवून दहा कराव्या लागणार होत्या. नोटीस हातात घेऊन गुरुबसप्पा स्वतः भेटायला आले. चनबसप्पांना वाटलं, आता तरी हा माणूस चिडेल, आता तरी दोन शब्द वाईट बोलेल. गुरुबसप्पांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"बरं झालं बगा चनबसप्पा, तुमी जागे होता. मला न्हाईतर कोण सांगणार हुतं पाणी एवढं चढतंय म्हणून?"

त्या रात्री चनबसप्पा जेवले नाहीत. दहा आणि सहा. आधी फरक सहाचा होता, आता चारचा झाला, म्हणजे आपण जिंकत आलोय, असं त्यांनी स्वतःला समजावून पाहिलं. पण मत्सराला हिशेब कळत नाही. डोळे मिटले की साडूच्या दहा पायऱ्या दिसत आणि त्यांच्यावर बसून शेंगा सोलणारी सासू दिसे. जोतं आणखी वर नेता येत नव्हतं, दोन्ही घरांच्या पुढच्या ओसरी-सोप्यांना ओव्हरसियरनी पाण्याची नळी लावून पातळी बघितली होती. सिमेंट परमिटवर मिळत होतं, तेही संपलेलं. वर जायचे सगळे रस्ते बंद झाले, आणि तेव्हाच चनबसप्पांना तो विचार सुचला. घर वर जात नसेल तर अंगण खाली न्यावं.

कायदा जोत्याच्या उंचीबद्दल सगळं सांगत होता, अंगणाच्या खोलीबद्दल गप्प होता. मडिवाळप्पांनीही दुजोरा दिला की स्वतःच्या जमिनीत खाली जायला कुणाची परवानगी लागत नाही, माणूस शेवटी जातोच. भाद्रपदात चनबसप्पांनी मजूर लावले. गवंडी म्हणाला की साहेब, आजवर पायऱ्या वर चढवल्या, खाली उतरवत न्यायच्या ही पहिलीच वेळ. गिरिजाबाई म्हणाल्या की अंगणात तुळस कुठं ठेवू, रांगोळी कुठं काढू? चनबसप्पांनी कुणाचं ऐकलं नाही. मांडीइतकं खोल अंगण खणून घेतलं, घराला खालून शहाबादी फरशीच्या पाच पायऱ्या आणखी जोडल्या आणि सगळ्या एकदा मोजल्या, मग गिरिजाबाईंकडून मोजून घेतल्या. अकरा. साडूपेक्षा एक वर. त्या संध्याकाळी त्यांनी गुरुबसप्पांच्या घराकडं जन्मात पहिल्यांदा मायेनं पाहिलं.

प्रश्न उरला मातीचा. ओढ्यात ढकलावी म्हटलं तर ओढ्याच्या काठी पाटी लागली होती, पात्रात माती टाकल्यास पाणी तुंबून पूर येतो, सबब दंड होईल. रस्त्यावर ढीग घातला तर सोसायटीची नोटीस आली. मडिवाळप्पा म्हणाले की ज्याच्या जागेत पूर येतो त्यालाच माती टाकायला जागा नाही, हा कायद्यातला दोष आहे, वर जाऊन भांडा. तेवढ्यात गुरुबसप्पा आले. एवढं कशाला, म्हणाले, माज्या अंगणात टाका की. चनबसप्पांनी क्षणभरही आढेवेढे घेतले नाहीत. साडूचं अंगण चिखलमातीचं होणार, त्याच्या दहा पायऱ्या ढिगाआड झाकणार, हे त्यांना फारच गोड वाटलं. त्यांनी उभं राहून, मजुरांना दाखवून दाखवून, सगळी माती नेमकी पायऱ्यांवर ओतायला लावली. गुरुबसप्पा शेजारी उभे राहून मजुरांना चहा देत होते.

दसऱ्याला दोन्ही घरांची वास्तुशांत ठरली. आणि चार दिवस आधी हस्ताचा पाऊस लागला. हस्त काही कुणाला विचारून पडत नाही. दोन दिवस तो असा कोसळला की हत्ती ओढ्यालाही पाणी आलं. ओढ्याचं पाणी घोट्याएवढं झालं आणि शहाण्यासारखं आपल्या वाटेनं निघून गेलं. गुरुबसप्पांच्या अंगणात थेंब साठला नाही. साऱ्या सोसायटीत पूर आला तो फक्त एका अंगणात, जे खणून तयार करून ठेवलं होतं. खालच्या पाच पायऱ्या बुडाल्या. गवळ्याची म्हैस पाणी बघून आत शिरली आणि उठायचं नाव घेईना. ओव्हरसियर मुद्दाम येऊन बघून गेले आणि म्हणाले की तुमचा अर्ज बरोबर होता हो, मीच उगाच शंका घेतली.

दसऱ्याला सकाळी नातेवाईक जमले. चनबसप्पांनी पाण्यात विटा टाकून वाट केली होती आणि ते धोतर खोचून, हात धरून एकेकाला पायऱ्यांपर्यंत पोचवत होते. साऱ्यांना ते पायऱ्या मोजून सांगत, पाण्याखालच्याही धरून. मग टांगा आला. चंद्रव्वा काठी टेकत उतरल्या, कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि त्यांनी धाकट्या जावयाच्या घराकडं, पाण्याकडं आणि मग वर, अगदी वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. चनबसप्पांना वाटलं, आता म्हातारी भारावली.

"हे कुणी केलं ओ?" त्यांनी विचारलं.

"मीच की, अव्वा. तुमच्यासाठी," चनबसप्पा विटेवर उभे राहून म्हणाले.

"माज्यासाठी?" चंद्रव्वांनी काठी जमिनीवर टेकवली. "अवो, माजं गुडगं गेलंय. नकाशा दाखवला तवा गिरिजीला म्हटलं न्हवतं का मी, जावयाला सांगू नको, थोरल्याला वाईट वाटंल, पर मी दोन पायऱ्यांच्याच घरात राहनार."

चनबसप्पांनी बायकोकडं पाहिलं. गिरिजाबाई खाली पाण्याकडं बघत होत्या. झाडायला सोप्या म्हणून त्या किती वेळा बोलल्या होत्या, ते आता एकदम चनबसप्पांच्या कानात वाजायला लागलं.

चंद्रव्वा वळल्या. पावसानं शेजारच्या अंगणातली माती चांगली बसून घट्ट झाली होती. दहाही पायऱ्या तिच्याखाली गडप झाल्या होत्या आणि फाटकापासून सोप्यापर्यंत लांबलचक, अलगद उतार तयार झाला होता. अक्कम्मानं त्यावर रांगोळी काढली होती. म्हातारी काठी टेकत त्या उतारावरून चालत गेली, कुणाचा हात न धरता, मध्ये कुठं न थांबता, आणि सोप्यातल्या घोंगडीवर जाऊन बसली. पाय लांब केले. गुडघ्यावरून हात फिरवला.

"गुरुबसप्पा, ही वाट लई बेस केली बगा तुमी," ती म्हणाली.

"मी न्हाई, अव्वा. चनबसप्पांनी केली. आपलं अंगण खणून माती टाकली हितं. सोता हुबं राहून टाकून घेतली," गुरुबसप्पांनी सांगितलं. खोटं बोलायची त्यांना सवयच नव्हती.

म्हातारीमागोमाग सगळं नातंगोतं त्या सोप्यात येऊन बसलं होतं. चंद्रव्वांनी डोळ्याला पदर लावला आणि अख्ख्या सोसायटीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, की सासूच्या गुडघ्यासाठी स्वतःचं अंगण खणून साडूच्या दारात वाट घालणारा जावई मी सात गावांत बघितला न्हाई, थोरल्याहून धाकटा काकणभर सरस निघाला. बायका माना हलवू लागल्या. मडिवाळप्पांनी टाळी वाजवली. बारा वर्षं ज्याची वाट पाहिली ते कौतुक चनबसप्पांनी गुडघाभर पाण्यात उभं राहून, दुसऱ्याच्या सोप्यातून येताना ऐकलं. चंद्रव्वांनी अक्कम्माला आपलं गाठोडं आतल्या खोलीत ठेवायला सांगितलं, तेही त्यांनी ऐकलं.

"चनबसप्पा, वर या की," गुरुबसप्पांनी हाक मारली. "अव्वा बोलवतेत."

जावं की न जावं, असा थोडा वेळ गेला. मग चनबसप्पा पाण्यातून बाहेर आले, धोतर पिळलं, साडूच्या फाटकातून आत शिरले आणि आपल्या अंगणातल्या मातीवरून वर चढू लागले. उतार इतका सोपा झाला होता की चढताना त्यांना दमही लागला नाही, आणि त्याचंच त्यांना सगळ्यांत जास्त वाईट वाटलं.